जेन ऑस्टिन : विवाह, वित्त आणि विवेक

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी (१८१३) एक प्रसन्न प्रणयकथा म्हणून जगभर वाचली जाते. हा समज चुकीचा नसला तरी अपुरा आहे. या कादंबरीत एखादा तरुण प्रवेश करतो तेव्हा त्याच्या स्वभावाचा परिचय होण्यापूर्वी त्याचे वार्षिक उत्पन्न वाचकाच्या कानावर येते. बिंग्लीचे चार-पाच हजार पौंड, डार्सीचे दहा हजार, हे आकडे साऱ्या पंचक्रोशीला तोंडपाठ आहेत. लेखिकेने ते केवळ विनोदासाठी योजले आहेत असे मानता येत नाही. विवाह हा स्त्रीच्या दृष्टीने उपजीविकेचा प्रश्न आहे, हे तिला स्वतःच्या घरात शिकावयास मिळाले होते. तिचे चरित्र या दृष्टीने पाहू लागले म्हणजे कादंबरीतील हास्यामागचा हिशेब स्पष्ट होतो.

जेन ऑस्टिनचा जन्म हॅम्पशरमधील स्टीव्हन्टन या खेड्यात १६ डिसेंबर १७७५ रोजी झाला. तिचे वडील जॉर्ज ऑस्टिन हे तेथील धर्मोपदेशक होते. आठ अपत्यांचा संसार चालविण्यासाठी ते घरी विद्यार्थी ठेवून घेत. कुटुंबाची ऊठबस जमीनदारवर्गात होती. पण स्वतःची जमीन मात्र नव्हती. प्रतिष्ठा वरच्या वर्गाची आणि मिळकत बेताची, अशा या सीमारेषेवर जेन वाढली. एडवर्ड या भावाला नाइट नावाच्या श्रीमंत नातेवाइकांनी आपला वारस केले आणि तो मोठ्या इस्टेटींचा धनी झाला. दोन भाऊ आरमारात शिरले. मुलग्यांना दत्तकविधान, नौदल, धर्मपीठ, पेढी असे मार्ग मोकळे होते. जेन आणि तिची थोरली बहीण कॅसँड्रा या दोघींपुढे मात्र विवाह हा एकच मार्ग होता.

हा मार्ग किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण घरातच होते आणि त्याचा संबंध थेट भारताशी आहे. जॉर्ज ऑस्टिन यांची पोरकी बहीण फिलाडेल्फिया हिने लंडनमध्ये स्त्रियांच्या टोप्या शिवण्याच्या दुकानात उमेदवारी केली होती. १७५२ मध्ये ती जहाजाने मद्रासला आली आणि पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य टायसो सॉल हॅंकॉक याच्याशी विवाहबद्ध झाली. त्यांची कन्या एलायझा १७६१ मध्ये कलकत्त्यास जन्मली. वॉरन हेस्टिंग्ज हा तिचा धर्मपिता होता. आत्याच्या या प्रवासाचे पडसाद जेनच्या १७९२ मधील ‘कॅथरिन’ या अपूर्ण कथेत उमटले आहेत. तीत एका निर्धन तरुणीला नवरा मिळावा म्हणून बंगालला धाडले जाते. तिचा विवाह होतो, वैभव मिळते, पण सुख मिळत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हा विषय हाताळावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

१७९५-९६ च्या हिवाळ्यात टॉम लेफ्रॉय या आयरिश तरुणाशी तिचा स्नेह जुळला. त्याच्या उत्कर्षावर घरच्यांची भिस्त होती आणि निर्धन वधू त्यांना परवडणारी नव्हती. लवकरच त्याची रवानगी झाली. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. त्याच सुमारास कॅसँड्राचा वाग्दत्त वर टॉम फाउल लग्नापुरती मिळकत जमेपर्यंत थांबला होता. तो वेस्ट इंडीजला गेला आणि १७९७ मध्ये तेथेच पीतज्वराने मरण पावला. कॅसँड्रा आजन्म अविवाहित राहिली. या दुःखाच्या काळातच, ऑक्टोबर १७९६ ते ऑगस्ट १७९७ या अवधीत, जेनने ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ नावाची कादंबरी पूर्ण केली. वडिलांनी ती लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाला देऊ केली. त्याने हस्तलिखित न पाहताच नकार कळविला.

१८०१ मध्ये वडिलांनी स्टीव्हन्टनचे काम थोरल्या मुलाकडे सोपवून बाथ येथे बिऱ्हाड हलविले. राहते घर, वडिलांचे ग्रंथ, सामानसुमान, सारे मागे राहिले किंवा विकले गेले. तिच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग यानंतर वर्षभराने घडला. २ डिसेंबर १८०२ रोजी मॅनीडाउनच्या इस्टेटीचा एकवीस वर्षांचा वारस हॅरिस बिग-विदर याने तिला मागणी घातली. जेनला सत्तावीस वर्षे पूर्ण होण्यास दोन आठवडे उरले होते. या विवाहाने तिला परिचित प्रदेशात घर मिळाले असते आणि बहिणीलाही आश्रय लाभला असता. तिने होकार दिला. रात्र उलटली आणि सकाळी तिने तो मागे घेतला. त्याच दिवशी दोघी बहिणी मॅनीडाउन सोडून निघाल्या.

या नकाराची किंमत पुढील सात वर्षे चुकती होत होती. जानेवारी १८०५ मध्ये वडील वारले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे उत्पन्नही संपले. आई आणि दोन बहिणी यांचा निर्वाह भावांनी दिलेल्या वार्षिक रकमांवर चालू लागला. धर्मोपदेशकाच्या अविवाहित मुलींची ‘द वॉटसन्स’ ही कथा तिने याच काळात अर्धवट सोडली. कधी बाथ, कधी साउदॅम्प्टन अशी भटकंती १८०९ मध्ये संपली. एडवर्डने आपल्या इस्टेटीतील चॉटन येथील लहानसे घर आई-बहिणींना दिले. तेथे तिने जुनी हस्तलिखिते पुन्हा हाती घेतली. १८११ मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ निनावी प्रसिद्ध झाली आणि ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’चा कायापालट होऊन २८ जानेवारी १८१३ रोजी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ अवतरली.

बेनेट कुटुंबाची इस्टेट पुरुष-वारसाला बांधलेली आहे. बापाच्या मृत्यूनंतर ती कॉलिन्स या दूरच्या नातलगाकडे जाणार आहे. एलिझाबेथच्या वाट्याला आईच्या पश्चात हजार पौंड, म्हणजे चार टक्क्यांनी वर्षाकाठी चाळीस पौंड येणार. तरीही ती कॉलिन्सला नाकारते. तिची मैत्रीण शार्लट लूकस त्यालाच स्वीकारते, आणि शार्लटचे वय सत्तावीस आहे. मॅनीडाउनच्या त्या सकाळनंतर हा आकडा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शार्लटला लेखिका शिक्षा करीत नाही. ती आपले घर नीट सांभाळते, पतीला बागकामात गुंतविते, स्वतःसाठी मागच्या बाजूची खोली निवडते आणि तक्रार करीत नाही. एलिझाबेथचा धिक्कार व शार्लटचा हिशेब या दोहोंना लेखिकेने आपापली जागा दिली आहे. स्वतः नकार दिलेल्या स्त्रीने होकार देणारीला इतका न्याय द्यावा, यात तिच्या विवेकाची कसोटी दिसते.

वर्गाविषयीची तिची दृष्टीही अशीच आहे. चीपसाइडजवळ राहणारे व्यापारी गार्डिनर दांपत्य कादंबरीतील सर्वांत सभ्य माणसे ठरतात, तर लेडी कॅथरिनचे कुलीनत्व उद्धटपणात संपते. डार्सीला प्रथम नकार मिळतो तो त्याच्या संपत्तीला नव्हे, तिच्यातून आलेल्या गर्वाला. आणि तो गर्व उतरल्यावरच विवाह संभवतो. वर्गव्यवस्था मोडत नाही, पण तिच्या आत शीलाची परीक्षा अनिवार्य होते.

या कादंबरीचे सर्व हक्क तिने एजर्टन या प्रकाशकाला ११० पौंडांना विकले. हयातीत लेखनातून तिला जे मिळाले ते एकूण सातशे पौंडांच्या आतच होते; डार्सीच्या एका महिन्याच्या उत्पन्नाहूनही कमी. पण ती मिळकत तिची स्वतःची होती. विवाहित असती तर त्या काळच्या कायद्याने तीही पतीची ठरली असती. १८१६ मध्ये हेन्री या भावाची पेढी बुडाली आणि आईला मिळणाऱ्या मदतीत तूट आली. पुढच्या वर्षी धनवान मामाच्या मृत्युपत्रानेही निराशा केली. फॅनी या पुतणीला तिने पत्रांतून दोन सल्ले दिले : प्रेमाविना विवाहापेक्षा काहीही पत्करावे, आणि अविवाहित स्त्रीचा दारिद्र्याकडे ओढा असतो हेही विसरू नये. दोन्ही तिने अनुभवले होते. म्हणून एकासाठी दुसरे खोटे ठरविण्याची गरज तिला वाटली नाही.

१८ जुलै १८१७ रोजी विंचेस्टर येथे, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये जवळजवळ सर्व काही तिने कॅसँड्राला दिले. विंचेस्टरच्या कॅथीड्रलमधील तिच्या थडग्यावर तिच्या सद्गुणांची नोंद आहे, कादंबऱ्यांची नाही. त्या लेखिकेचे नाव हेन्रीने त्याच वर्षाच्या अखेरीस ‘नॉर्दँगर ॲबी’ व ‘पर्स्वेजन’ यांच्या प्रास्ताविकात वाचकांना सांगितले. एलिझाबेथला नकारानंतर पेम्बर्ली मिळाले; तिच्या निर्मातीला चॉटनच्या घरातील एक लहान मेज मिळाले. त्या मेजावर तिने शार्लटलाही समजून घेतले. भारतीय भाषांतील विवाहविषयक कादंबऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याने या कादंबरीकडे वळताना प्रणयाइतकेच त्या समजुतीकडेही लक्ष द्यावयास हवे.