पाकटाचा काटा आणि खाकी शर्ट

४ सप्टेंबर २००६, सोमवार. महाराष्ट्रात गणेशोत्सव ऐन भरात होता, अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी ऑस्ट्रेलियातून बातमी आली, की दूरचित्रवाणीवरचा मगरींचा माणूस स्टीव्ह इरविन समुद्रात चित्रीकरण करताना मरण पावला. अनेकांचा विश्वास बसेना. खाकी अर्धी चड्डी, खाकी शर्ट, विस्कटलेले पिवळे केस आणि दर दोन मिनिटांनी क्रायकी असा आनंदाचा चीत्कार, हे ध्यान केबलमुळे आपल्याकडच्या घरांतही ओळखीचे झाले होते. मगरीने त्याला ओढले असते किंवा एखादा जहाल साप डसला असता, तर लोकांनी हळहळून मान डोलावली असती. पण जीव घेतला तो पाकटाने. आपल्या किनाऱ्यावर जो मासा जाळ्यात सापडतो, बाजारात येतो आणि कालवणात जातो, त्याच्याच एका थोराड भावंडाने.

इरविनचा जन्म २२ फेब्रुवारी १९६२ रोजी मेलबर्नजवळ झाला. वडील बॉब पेशाने प्लंबर, आई लिन प्रसूती विभागात परिचारिका. वडिलांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा नाद होता आणि आई अनाथ, जखमी पिल्ले घरी आणून वाढवायची. सहाव्या वाढदिवसाला मुलाला अजगर भेट मिळाला, यावरून त्या घराची कल्पना यावी. १९७० मध्ये कुटुंबाने बाडबिस्तरा गुंडाळला आणि क्वीन्सलँड प्रांतात बीअरवा इथे जेमतेम चार एकरांत सर्पोद्यान काढले. तिथे वयाच्या नवव्या वर्षी, वडिलांच्या देखरेखीखाली, स्टीव्हने पहिली मगर पकडली.

या पकडण्यामागचा हेतू महत्त्वाचा आहे. खाऱ्या पाण्यातली मगर वस्तीजवळ आली की तिला गोळी घालायची, ही तिथली जुनी रीत. १९८०च्या दशकात क्वीन्सलँड सरकारने अशा मगरी जिवंत पकडून हलवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. इरविन त्यात स्वयंसेवक म्हणून गेला. सोबत कुत्रा घेऊन तो खाजणांत मुक्काम करी, सापळे लावी आणि एकट्याच्या बळावर मगर होडीत घेई. त्याने अशा शंभरावर मगरी पकडल्या. त्यातल्या काही आई-वडिलांच्या उद्यानात आल्या.

१९९१ मध्ये उद्यानाची सूत्रे त्याच्याकडे आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओरेगनहून आलेली टेरी रेन्स त्याला भेटली आणि १९९२ मध्ये लग्न झाले. मधुचंद्र मगरी पकडण्यात गेला आणि निर्माता जॉन स्टेन्टनने त्याचे चित्रण केले. तोच पुढच्या मालिकेचा पहिला भाग. द क्रोकोडाइल हंटर ही मालिका १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि शंभराहून अधिक देशांत पोहोचली. तोवरच्या निसर्गपटांत निवेदक पडद्याआड असायचा आणि प्राणी दुरून दिसायचा. इरविनने हे अंतरच काढून टाकले. जो प्राणी बघताच माणूस काठी शोधतो, त्याच्या तोंडाशी आपले तोंड नेऊन हा किती देखणा आहे बघा, असे तो सांगत राहिला. पांडा किंवा हरणाच्या पिल्लावर प्रेम करायला शिकवावे लागत नाही. मगरीवर आणि सापावर शिकवावे लागते. ते त्याने केले, हे त्याचे मोठेपण.

पण अंतर काढून टाकण्याची किंमत असते, आणि ती त्याच्या हयातीतच दिसू लागली होती. जानेवारी २००४ मध्ये त्याने एका हातात महिनाभराचा मुलगा रॉबर्ट आणि दुसऱ्या हातात कोंबडी घेऊन मगरीला खाऊ घातले. जगभरातून टीकेची झोड उठली. मुलाला कसलाही धोका नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पण हा माणूस प्राण्यांचा मित्र की प्राण्यांना नाचवणारा, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे लागला. त्याच वर्षी उद्यानाशेजारी अ‍ॅव्होकॅडो भरण्याच्या जुन्या शेडमध्ये त्याने वन्यप्राण्यांसाठी रुग्णालय सुरू केले. त्याची बातमी अर्थातच तेवढी मोठी झाली नाही.

सप्टेंबर २००६ मध्ये तो समुद्रातल्या घातक जीवांवरच्या माहितीपटासाठी पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफवर गेला होता. हवा खराब होती, मुख्य काम थांबले होते. मधल्या वेळात थोडे चित्रण उरकावे म्हणून तो कॅमेरामनसह उथळ पाण्यात उतरला. समोर माणसाच्या उंचीहून रुंद पाकट होते. कॅमेरा पुढून, इरविन मागून. पाकटाने अचानक शेपटी उसळवून वार केले आणि काटा छातीत, हृदयापर्यंत गेला. बोटीवर सहकाऱ्यांनी त्याच्या छातीवर दाब देत हृदय चालू करण्याचा प्रयत्न केला. हेलिकॉप्टरने डॉक्टर पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. तो ४४ वर्षांचा होता.

हे कसे घडते ते पाहू. पाकट हा शार्कचा नातलग, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. तो वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि शिंपले, खेकडे खातो. माणूस त्याचे भक्ष्य नाही. शेपटीवरचा काटा केवळ बचावासाठी असतो. अंगावर पाय पडला किंवा पळायची वाट अडली, की शेपटी वर उसळते. काट्याच्या दोन्ही कडा करवतीसारख्या, दाते मागे वळलेले. त्यामुळे तो आत जाताना चिरतो आणि बाहेर येताना अधिक फाडतो. काट्याच्या खालच्या बाजूच्या खोबणींत विष असलेल्या पेशी असतात आणि वर पातळ आवरण. काटा घुसताना आवरण फाटते आणि विष जखमेत उतरते. बहुतेकांना ही जखम पायाला होते. वेदना भयंकर असतात, जीव सहसा जात नाही. ऑस्ट्रेलियात पाकटामुळे झालेले मृत्यू एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. इरविनचा घात विषापेक्षा काट्याने केला, कारण तो हृदयात गेला.

काटा त्याने स्वतःच उपसून काढला, असे सुरुवातीला छापून आले. प्रत्यक्ष तिथे असलेल्या कॅमेरामनने पुढे ते नाकारले. खरे काहीही असो, त्या चर्चेने एक नियम घरोघरी पोहोचवला: छाती, पोट किंवा मान यात घुसलेली वस्तू जागेवर उपसायची नाही. ती रक्तवाहिनीच्या छिद्राला बुचासारखी बसलेली असू शकते. ती हलू नये असा आधार द्यायचा आणि रुग्णालय गाठायचे.

मृत्यूनंतर जे झाले तेही अभ्यासण्याजोगे आहे. प्राणिसंग्रहालयाच्या दारात फुलांचे ढीग लागले, लोक खाकी शर्टांवर निरोप लिहून ठेवू लागले. सरकारने शासकीय इतमामात अंत्यसंस्कारांची तयारी दाखवली. वडील बॉब यांनी ती नाकारली. मुलगा साधा माणूस होता आणि त्याला तसेच राहणे आवडले असते, असे त्यांनी सांगितले. ९ सप्टेंबरला घरच्यांनी उद्यानातच त्याला निरोप दिला. २० सप्टेंबरला तिथल्याच मगरींच्या प्रेक्षागृहात जाहीर स्मरणसभा झाली, ती जगभर दाखवली गेली. आठ वर्षांची मुलगी बिंडी कागद हातात धरून न अडखळता बोलली आणि बघणाऱ्यांचा बांध फुटला. शेवटी त्याचा सामानाने भरलेला ट्रक रिंगणातून बाहेर नेण्यात आला. ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यासाठी माणसे अशी का रडतात? मानसशास्त्र याला एकतर्फी नाते म्हणते. पडद्यावरचा माणूस वर्षानुवर्षे घरात येतो, मेंदू त्याची नोंद ओळखीच्यांत करतो आणि तो गेला की दुःख खरेच होते. त्याला खोटे किंवा बालिश म्हणण्याचे कारण नाही.

दुसरी प्रतिक्रिया उलट टोकाची. लेखिका जर्मेन ग्रीअर यांनी लगेच एका ब्रिटिश दैनिकात लिहिले, की प्राण्यांच्या जगाने अखेर सूड उगवला. त्यांच्यावर लोक तुटून पडले. प्राण्यांना त्यांची जागा हवी असते, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. चूक होती ती सूड या शब्दात. पाकटाला सूड कळत नाही. त्याला वरून पडलेली सावली आणि अडलेली वाट कळते.

गंमत अशी, की ग्रीअर यांच्यावर चिडलेल्यांपैकी काहींनी नेमका तोच शब्द उचलला. मृत्यूनंतरच्या आठवड्याभरात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर किमान दहा पाकटे मेलेली सापडली, काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. इरविनने स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ वॉरियर्स संस्थेला जाहीरपणे सांगावे लागले, की त्याच्या नावाने प्राण्यांना मारणे ही त्याची विटंबना आहे. आयुष्यभर ज्याने नावडत्या प्राण्यांची वकिली केली, त्याचे चाहते त्याच्यासाठी मासे कापत होते.

हे दूरच्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर गणेश विसर्जनाच्या वेळी उथळ पाण्यात अनेक भाविकांना पाकटांनी जखमी केले. तेव्हापासून विसर्जन आले की पाकट आणि जेलीफिशपासून सावध राहण्याच्या सूचना निघतात. पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत न्यावा. पाकटाला चाहूल लागते आणि ते निघून जाते. काटा पायाला लागलाच तर जखम धुवावी आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सियसपर्यंत, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनांचे असते, उष्णतेने निकामी होते, वेदना उतरते. पाणी आधी दुसऱ्या पायाने तपासावे, नाहीतर भाजण्याची भर पडायची. त्यानंतर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक, कारण काट्याचे तुकडे आत राहतात आणि धनुर्वाताची लस लागते.

समुद्रापासून दूर, मावळात शिरगाव-सोमाटण्याच्या पट्ट्यात पाकटाची जागा घोणस घेते. भात कापणीला आला की उंदीर येतात, उंदरांमागे साप. भाताच्या खाचरांना लागून आता बंगले आणि सोसायट्या उभ्या आहेत, त्यामुळे गाठ वारंवार पडते. घोणस चावली की आधी काठ्या घेऊन तिला शोधले जाते आणि रुग्णाचा मोलाचा वेळ जातो. साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. दोरीने आवळायचे नाही, चिरा मारायचा नाही, अवयव हलू न देता १०८ ला फोन करायचा. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाला दोन-तीनच जातात, साप तिथले अधिक जहाल असूनही.

इरविनच्या शैलीची नक्कल हाही इथला विषय आहे. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले. सहा वर्षांनी त्यांच्या पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. तमाशा वाटावा अशा गोष्टीतून संस्था निघाली, इरविनसारखीच. पण मोबाइल आल्यापासून नागाचा मुका घेणारे, गळ्यात घोणस घालून फोटो काढणारे वाढले आहेत, आणि त्यात तरुण सर्पमित्रांचे जीव गेले आहेत. इरविनचा हात त्यांनी पाहिला, त्यामागची वीस-तीस वर्षांची सवय पाहिली नाही. आणि ती सवयही शेवटी त्याला पुरली नाही.

त्याच्या मृत्यूचे चित्रण कधीच दाखवले गेले नाही. त्याऐवजी दुसरी एक नोंद मागे राहिली, जिची चर्चा फारशी होत नाही. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर त्याने मगरींवर उपग्रहाला संकेत देणारी यंत्रे बसवली होती. पकडलेली मगर दुसरीकडे सोडली की प्रश्न मिटतो, या समजावर त्याची सारी तरुणपणची मेहनत उभी होती. तोच समज या प्रयोगात तपासला गेला. निष्कर्षाचा शोधनिबंध सप्टेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, लेखकांत त्याचेही नाव होते. एका मोठ्या मगरीला हेलिकॉप्टरने केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर नेऊन सोडले होते. ती काही महिने तिथे थांबली. मग एक दिवस निघाली, द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून २० दिवसांत ४११ किलोमीटर पोहली आणि आपल्या जुन्या नदीत परत आली.