शंभर वर्षं चाललेलं इंजिन

१५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. फोटोला हार, एखादं भाषण आणि नंतर चहा-समोसा! पण ज्यांच्या जन्मदिवशी हे सगळं होतं, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची पहिली नोकरी आपल्या नाशिकातच होती, हे आमच्या विंगमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीत १८६१ साली त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून ते शिकले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून इंजिनिअर झाले. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली ती नाशिकला. पुढे पांझरा नदीवरचा पाइप सायफन झाला, १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांनी शोधलेली स्वयंचलित दारं बसली आणि १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते.

इथवर आपल्याला जी.के.च्या पुस्तकात सापडतं. मला नवल वाटलं ते पुढच्या आयुष्याचं. १९३४ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी भारताच्या नियोजनावर पुस्तक लिहिलं. १९४६ मध्ये उद्योजकांचं पथक घेऊन ते अमेरिकेला गेले. १९५१ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं. नव्वदी ओलांडल्यावर गंगेवरच्या पुलाची जागा ठरवायला बिहारमध्ये फिरले. तो मोकामाचा पूल १९५९ मध्ये सुरू झाला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले तेव्हा वय होतं शंभर!

हे कसं जमलं? त्यांच्या सवयी अगदी साध्या होत्या. रोज ठरलेल्या वेळी फिरणं, साधं आणि बेताचं शाकाहारी जेवण, दारूपासून लांब. घड्याळाशी पक्की दोस्ती. छोट्याशा भाषणाचाही मसुदा लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. आणि सतत हातात एखादं नवं काम.

माझे आजोबा हल्ली माझं नाव विसरतात, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो. विश्वेश्वरय्यांना नशिबाची आणि अनुवंशिकतेची साथ असेलच, एका माणसावरून नियम काढता येत नाही. पण २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने १४ कारणांची यादी दिली. कमी शिक्षण, बसून राहणं, धूम्रपान, ब्लडप्रेशर, मधुमेह, कोलेस्ट्रॉल, कमी ऐकू येणं, एकटेपणा वगैरे. ही सगळी आवरली तर स्मृतिभ्रंशाच्या जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. मेंदूला रक्त पोचवणाऱ्या नळ्या आपल्याच पाइपलाइनसारख्या असतात, प्रेशर वर्षानुवर्षं जास्त राहिलं की त्या खराब होणारच. आणि यातली बरीच कारणं म्हातारपणाच्या कितीतरी आधी मुळं धरतात. म्हणजे आपल्याच वयात!

रात्री दोनला मॅगी, कॉलेजच्या गेटपर्यंतसुद्धा बाइक, टपरीवरची सिगारेट आणि कानात फुल व्हॉल्यूम... आपली यादी तपासून बघा. मी सध्या एवढंच ठरवलंय : जेवण झाल्यावर ग्राउंडला चार फेऱ्या मारायच्या आणि रविवारी आजोबांशी निवांत फोनवर बोलायचं. फेऱ्यांना कुणी सोबत येणार असेल तर नऊ वाजता मेसच्या दाराशी भेटा. घड्याळ पाळा हं, विश्वेश्वरय्यांसारखं!