नकार ऐकूच न येणारी डेझी

शाळेत कधी गाइडमध्ये होतात का? गळ्यात स्कार्फ, हातात दोरी आणि शनिवारी सकाळी मैदानावर गाठी मारायची प्रॅक्टिस. बऱ्याच जणींना ते पीटीचंच भावंड वाटतं. पण पुण्यात ‘संगम’ नावाचं एक केंद्र आहे, १९६६ मध्ये सुरू झालेलं. गर्ल गाइड्स आणि गर्ल स्काउट्सच्या जागतिक संघटनेची जगात अशी मोजकीच केंद्रं आहेत, त्यातलं हे एक. तिथे देशोदेशीच्या मुली येऊन राहतात. त्यातल्या काही जणी स्वतःला गाइड म्हणतात, काही स्काउट. मुलींनी स्काउट म्हणवून घ्यायचं की नाही, यावरून शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत चक्क भांडण झालं होतं आणि त्या भांडणात एका बाजूला उभी होती ज्युलिएट गॉर्डन लो. घरच्यांसाठी डेझी.

डेझीचा जन्म ३१ ऑक्टोबर १८६० चा, जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरातला. वडील कापसाचे व्यापारी. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा ते दक्षिणेच्या सैन्यात गेले. म्हणजे गुलामगिरी टिकावी म्हणून लढणाऱ्यांच्या बाजूने. आई मात्र शिकागोची आणि तिच्या माहेरची माणसं उत्तरेकडून लढत होती. एकाच घरात युद्धाच्या दोन्ही बाजू! लहानपण तसं सुखातच गेलं. पैसेवाल्या घरातल्या मुलींना तेव्हा जे शिकवायचे ते सगळं डेझी शिकली. चित्रकला, फ्रेंच, चारचौघांत कसं वागायचं, हे सगळं. कमवायचं कसं, हे शिकवायची कुणाला गरजच वाटली नव्हती. लग्न होणारच होतं ना!

लग्नाआधीच एक घोळ झाला होता. १८८५ मध्ये तिचा एक कान दुखायला लागला. सिल्व्हर नायट्रेटचा नवा उपचार आहे असं तिच्या कानावर आलं होतं. तिने हट्टाने डॉक्टरांना तोच करायला लावला आणि त्या कानाची बरीचशी श्रवणशक्ती गेली. पुढच्या वर्षी, २१ डिसेंबर १८८६ ला, विली लो या श्रीमंत माणसाशी तिचं लग्न झालं. आपल्याकडे अक्षता टाकतात तसे तिकडे नवरानवरीवर तांदूळ उधळायचे. त्यातला एक दाणा नेमका तिच्या दुसऱ्या कानात गेला. तो काढताना पडद्याला इजा झाली, जंतुसंसर्ग झाला आणि तो कान पुरताच गेला. एखाद्या मालिकेत हे दाखवलं असतं, तर आपण लेखकाला नावं ठेवली असती.

संसार इंग्लंडमध्ये थाटला. वॉरविकशायरमध्ये मोठं घर, मेजवान्या, शिकारी, राजघराण्यापर्यंत ओळखी. आपल्या मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंगही तिच्या मित्रांपैकी. तिला मात्र रिकामं बसवत नसे. लोहारकाम शिकून तिने घराचं लोखंडी फाटक स्वतः घडवलं. १८९८ मध्ये स्पेन-अमेरिका युद्ध झालं तेव्हा आईसोबत मायामीला जाऊन तिने आजारी सैनिकांची शुश्रूषा केली. मूलबाळ झालं नाही. नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी जुळलं. घटस्फोटाची बोलणी चालू असतानाच १९०५ मध्ये तो वारला. मृत्युपत्र उघडलं, तर इस्टेटीचा मोठा वाटा त्या दुसऱ्या बाईच्या नावावर! डेझी लढली आणि शेवटी तडजोडीत पैसे आणि सव्हानाचं घर मिळवलं. पण दुसऱ्याच्या जिवावर जगायचं म्हणजे काय, हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी वकिलांच्या कागदपत्रांतून कळलं. पुढे तिने मुलींना जे शिकवलं, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

पुढची काही वर्षं ती नुसती भटकत होती. मग १९११ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल भेटले. त्यांची बॉय स्काउट्सची चळवळ तेव्हा जोरात होती. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर मुलांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आमंत्रण नसतानाच तिथे येऊन धडकल्या होत्या. त्यांच्यासाठी मग गर्ल गाइड्स निघाली आणि ती रॉबर्ट यांची बहीण ॲग्नेस पाहू लागली. डेझीला हे फार आवडलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ग्लेन लायन या दुर्गम खोऱ्यात तिने सात मुलींची तुकडी उभी केली. यातल्या काही जणी मैलोन् मैल चालत यायच्या. गाठी, नकाशे, प्रथमोपचार हे होतंच. पण तिथल्या मुली पोटासाठी शहरातल्या कारखान्यांत जातात, हे बघून तिने त्यांना कोंबड्या पाळायला आणि सूत कातायला शिकवलं. पुढे त्या सुतासाठी लंडनमध्ये गिऱ्हाईकही शोधलं. समाजसेवा म्हणजे फक्त दुसऱ्याची सेवा नाही, आधी आपल्या पायावर उभं राहणं, असा तो हिशोब होता.

१९१२ च्या सुरुवातीला ती सव्हानाला परतली आणि शाळा चालवणाऱ्या आपल्या एका नातेवाईक बाईंना फोन केला. मुलींसाठी काहीतरी आणलंय आणि आज रात्रीच सुरू करायचंय, असा एकूण सूर. १२ मार्च १९१२ ला अठरा मुलींची नावनोंदणी झाली. डेझी तेव्हा ५१ वर्षांची होती, विधवा, आणि जवळजवळ ठार बहिरी. (बाविसाव्या वर्षी करिअर हातातून गेलं म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या आमच्या बॅचने हा आकडा वहीत लिहून ठेवावा.) मुली घरासमोरच्या मोकळ्या जागेत बास्केटबॉल खेळायच्या, तेही सैल विजारी घालून. रस्त्यावरच्या लोकांना त्या दिसू नयेत म्हणून मैदानाभोवती चक्क कनातीसारखे पडदे लावलेले असत!

१९१३ मध्ये ‘गाइड’चं ‘स्काउट’ झालं आणि मुलींसाठीचं पुस्तकही आलं. त्यात आठ इंच दोरीने चोराला कसं जखडायचं याची कृती होती. मुलींना ज्या बिल्ल्यांसाठी तयारी करता येत होती, त्यांत इलेक्ट्रिशियनचाही होता. अमेरिकेत बायकांना देशभर मतदानाचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये, हे लक्षात घ्या. बॉय स्काउट्सचे प्रमुख जेम्स वेस्ट मात्र भडकले. मुलींनी हे नाव घेतलं तर मुलांना त्याची किंमत राहणार नाही, असा त्यांचा मुद्दा. नाव बदला म्हणून ते कित्येक वर्षं मागे लागले होते. डेझीने बदललं नाही.

बहिरेपण तर तिने हत्यारासारखं वापरलं. कुणी पैसे द्यायला किंवा काम करायला नकार दिला की तिला ते ऐकूच यायचं नाही. आभार मानून ती पुढच्या कामाची यादी हातात द्यायची. एकदा एका उच्चभ्रू मेजवानीला हॅटवर गाजरं आणि पार्स्लीची पानं लावून गेली. सजावटीला पैसे उरत नाहीत, सगळे स्काउट्सवर जातात, हे लोकांना नीट दिसावं म्हणून. संचालकांच्या बैठकीत नवे बूट दाखवायचे होते, तर डोक्यावर उभी राहिली. पण सगळी नाटकंच नव्हती. पैसा संपत आला तेव्हा लग्नानंतर मिळालेला आपला मोत्यांचा हार तिने ८ हजार डॉलर्सना विकला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सव्हानाच्या त्या अठराही मुली गोऱ्या होत्या. त्यांत अनाथाश्रमातल्या आणि ज्यू मुली असल्या, तरी शहरातल्या कृष्णवर्णीय मुलींना जागा नव्हती. दक्षिणेतल्या लोकांना दुखवायला नको म्हणून कुणाला घ्यायचं हे स्थानिक समित्यांवर सोडलं गेलं. त्याचा अर्थ काय होणार, हे तिथे वाढलेल्या डेझीला कळत नसणार असं मला वाटत नाही. टेनेसी राज्यात जोसेफीन हॉलोवे या बाईंनी कृष्णवर्णीय मुलींसाठी तुकडी चालवली, पण तिला अधिकृत मान्यता मिळायला १९४० चं दशक उजाडलं. प्रत्येक मुलीसाठी म्हणून निघालेली संघटना प्रत्येक मुलीपर्यंत पोचायला डेझीच्या आयुष्यापेक्षा बराच जास्त वेळ गेला.

१९२३ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. तिने ते बहुतेकांपासून लपवलं. उपचार घेत, प्रवास करत राहिली. आंतरराष्ट्रीय परिषद आणि शिबिर अमेरिकेत व्हावं, तेही १९२६ मध्येच, असा तिचा आग्रह होता. जागा तयार नाही, इतक्या घाईने कसं जमेल, असे प्रश्न आले. तिला का घाई आहे, हे फार थोड्यांना माहीत होतं. न्यूयॉर्क राज्यात घाईघाईने बांधकाम झालं, मे महिन्यात देशोदेशीच्या प्रतिनिधी आल्या आणि ती त्यांच्यात हिंडली.

१७ जानेवारी १९२७ ला सव्हानात ती गेली. वय ६६. तोवर अमेरिकेतल्या गर्ल स्काउट्सची संख्या अठरावरून दीड लाखाच्या वर गेली होती. तिच्या इच्छेप्रमाणे तिला संघटनेच्या गणवेशातच पुरलं. संघटनेने शेवटच्या दिवसांत पाठवलेली कौतुकाची तार त्या गणवेशाच्या खिशात होती.