साने गुरुजी : एकीचं गाणं गाणारा कवी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला झाला. शिक्षणासाठी पुण्यात नूतन मराठी विद्यालयात आले, तेही हाल सोसत. 'बलसागर भारत होवो' हे गीत त्यांचंच. त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला होता.

पण नुसती गाणी गाऊन देश एक होतो का? पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना बंदच होतं. त्यासाठी गुरुजी महाराष्ट्रभर फिरले, १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा दार उघडलं. बाबासाहेबांनी १९३५ सालीच येवल्याला वेगळी वाट जाहीर केली होती आणि आपला समाज त्याच वाटेने गेला. तरीपण सवर्णांच्या घरातला माणूस स्वतःच्याच लोकांपुढे उपाशी बसला, ही गोष्ट काही लहान नव्हे.

१९४८ साली गांधीजींचा खून झाला, मारेकरी पुण्यातला. गुरुजींनी २१ दिवस उपवास केला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली : प्रांताप्रांतातल्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात. स्वतः ते तुरुंगात तमिळ शिकले होते.

दुसऱ्यांना उमेद देणाऱ्या या माणसाची स्वतःची उमेद मात्र खचत गेली. ११ जून १९५० रोजी त्यांनी जीवन संपवलं. वय अवघं पन्नास.