मॅमथ गुहेचा वाटाड्या

अमेरिकेतील केंटकी राज्यातली मॅमथ गुहा ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा. तिच्या ६८० किलोमीटरहून अधिक लांबीच्या भुयारांचे मोजमाप आजवर झाले आहे. या गुहेचा अंतर्भाग पर्यटकांसाठी खुला करण्यात सर्वांत मोठा वाटा होता तो स्टीफन बिशप या गुलामाचा.

स्टीफनचा जन्म १८२१ च्या सुमारास झाला. फ्रँकलिन गोरिन या वकिलाने १८३८ मध्ये मॅमथ गुहा विकत घेतली आणि तिथे वाटाड्या म्हणून जेमतेम सतरा वर्षांच्या स्टीफनला कामाला लावले. त्या काळी पर्यटकांची वाट ‘बॉटमलेस पिट’ या खोल विवरापाशी संपत असे. त्याच वर्षी स्टीफनने विवरावर शिडी आडवी टाकली आणि दिव्याच्या उजेडात एका पर्यटकासह तो पलीकडे गेला. पुढे त्याला भूमिगत नदी सापडली. त्या काळोख्या पाण्यात डोळेच नसलेले पांढरे मासे होते. वर्षभरात गुहेची कीर्ती वाढली. १८३९ मध्ये लुइव्हिलचे डॉ. जॉन क्रोगन यांनी १० हजार डॉलरना गुहा विकत घेतली. त्या व्यवहारात स्टीफनही विकला गेला.

पर्यटक मेणबत्तीच्या काजळीने गुहेच्या छतावर आपली नावे लिहीत. ती पाहून स्टीफन अक्षरे शिकला, असे सांगतात. ती नावे आजही तिथे वाचता येतात. गुहेत ऊन नाही, पाऊस नाही, वारा बेताचा. म्हणून माणूस तिथे जे काही सोडून येतो, ते सहसा पुसले जात नाही.

डॉ. क्रोगन यांना नेमके हेच वातावरण औषधी वाटले. गुहेत बारमाही १२ ते १३ अंश सेल्सियस तापमान आणि भरपूर ओलावा असतो. आत लाकूड कुजत नाही, तर ही हवा क्षयरोग्यांची फुप्फुसेही बरी करील, असा त्यांचा कयास होता. १८४२ च्या अखेरीस त्यांनी गुहेत झोपड्या बांधून सुमारे पंधरा रुग्ण ठेवले. दिव्यांचा आणि चुलींचा धूर तिथेच कोंडून राही. रुग्ण बरे होण्याऐवजी खंगत गेले, काही दगावले आणि काही महिन्यांतच प्रयोग गुंडाळावा लागला. क्षय जंतूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी सिद्ध करायला अजून चाळीस वर्षे होती. पुढे १८४९ मध्ये डॉ. क्रोगन स्वतः क्षयानेच वारले. त्या झोपड्यांपैकी दोन दगडी खोल्या आजही गुहेत उभ्या आहेत.

दरम्यान, १८४२ मध्येच स्टीफनने मालकाच्या घरी बसून केवळ स्मरणाच्या आधारे संपूर्ण गुहेचा नकाशा काढला. १८४५ मध्ये तो त्याच्या नावासह छापला गेला. गुलामाच्या नावाने नकाशा छापला जाणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढची अनेक दशके या गुहेत फिरणाऱ्यांना तोच नकाशा वाट दाखवत होता.

त्या नकाशावरच्या भुयारांत आज वेगळ्याच रोगाने ठाण मांडले आहे. डॉ. क्रोगन यांना जे थंड, ओलसर, स्थिर वातावरण हितकर वाटले, तेच वटवाघळांच्या ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ या रोगाच्या बुरशीला मानवते. वटवाघळे हिवाळ्यात गुहेत शीतनिद्रा घेतात. तेव्हा त्यांच्या शरीराचे तापमान गुहेइतके खाली येते आणि नाक, कान, पंख यांवर ही पांढरी बुरशी वाढते. त्रासाने ती वारंवार जागी होतात. प्रत्येक जागरणात साठवलेली चरबी जळते. बाहेर कीटक नसतात आणि वसंत येण्यापूर्वीच ती उपासमारीने मरतात.

अमेरिकेत या रोगाची पहिली खूण २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत टिपलेल्या छायाचित्रात सापडली. युरोप आणि आशियातील वटवाघळांमध्ये ही बुरशी आधीपासून असून ती तिला बऱ्याच अंशी सोसतात. तिथून कोणा माणसाच्या बुटा-कपड्यांबरोबर ती अमेरिकेत पोहोचली असावी, असा शास्त्रज्ञांचा दाट संशय आहे. १० वर्षांच्या आतच अमेरिकेतील तीन जातींच्या वटवाघळांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यानात हा रोग २०१३ मध्ये आढळला.

माणसाला ही बुरशी बाधत नाही, कारण आपल्या शरीराची ऊब तिला सोसत नाही. मग गुहा पर्यटकांसाठी बंद कराव्यात का? रोग मुख्यतः वटवाघळांकडून वटवाघळांकडे पसरतो. तो माणसाने गुहेचे दार बंद केल्याने थांबत नाही. मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या निरोगी गुहेत बीजाणू नेऊन ठेवणे माणसालाच सहज जमते आणि हा धोका टाळता येतो. म्हणून मॅमथ गुहा खुली ठेवण्यात आली. फेरफटका संपल्यावर पर्यटकांना बुटांचे तळवे स्वच्छ करणाऱ्या ओल्या चटयांवरून चालावे लागते. एका गुहेत वापरलेले बूट आणि कपडे दुसऱ्या गुहेत घालू नयेत, असेही सांगितले जाते. मुलांकडे अमेरिकेला जाऊन गुहा पाहणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनीही हे पथ्य पाळावे. वटवाघूळ मेलेले असो वा जिवंत, त्याला हात लावू नये, कारण त्याच्यापासून रेबीज होऊ शकतो.

स्टीफनला १८५६ मध्ये, डॉ. क्रोगन यांच्या मृत्युपत्रानुसार, गुलामीतून मुक्ती मिळाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याचे निधन झाले. त्याच्या थडग्यावर दगड बसायला १८८१ साल उजाडले आणि त्यावर मृत्यूचे वर्षही चुकीचे कोरले गेले. तरीही त्याने उघडलेल्या वाटांवरून लोक आजही आत जातात. आत जाताना आपण काय घेऊन आलो आणि बाहेर पडताना काय सोबत नेतो आहोत, इतके पाहणे तर प्रत्येकाच्या हाती आहे.