फिलिप व्हिन्सेंट : मागच्या चाकाचा कैवारी

कलाशाखेच्या वार्षिकात मोटारसायकलवरचा लेख पाहून काही प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. परंतु ज्या गृहस्थांविषयी लिहावयाचे आहे, त्यांनी एका साध्या कल्पनेपायी उभे आयुष्य वेचले. ती कल्पना अशी, की गाडीचे मागचे चाक पुढच्या चाकाइतक्याच मोकळेपणाने वरखाली झाले पाहिजे. आज लहान पोरालाही ही गोष्ट उघड वाटेल. १९२८ साली ती हट्टीपणाची वाटत होती.

फिलिप कॉनरॅड व्हिन्सेंट यांचा जन्म १९०८ सालचा. वडिलांचा अर्जेंटिनात गुरांचा मोठा व्यवसाय होता. मुलाचे बालपण तिकडे गेले, शिक्षण मात्र इंग्लंडात, हॅरो येथे आणि नंतर केंब्रिजला झाले. पदवी काही पदरात पडली नाही, कारण तोवर मोटारसायकलने त्यांना पुरते पछाडले होते. विद्यार्थी असतानाच त्यांनी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे एक गाडी बांधली आणि तिच्या मागच्या भागाच्या रचनेचे १९२८ साली पेटंट घेतले.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे मागचे चाक थेट चौकटीलाच आवळलेले असे. स्वाराच्या वाट्याला सीटखालच्या दोन स्प्रिंगा येत, आणि पाठ मोडू नये म्हणून तेवढे पुरेसे आहे अशी समजूत होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्प्रिंग केवळ आरामासाठी नसते. खडबडीत रस्त्यावर ताठ बसवलेले चाक प्रत्येक उंचवट्यावर उडते. जितका वेळ ते हवेत असते तितका वेळ ना ब्रेक लागतो, ना वळणावर पकड राहते. चाक जमिनीला धरून राहावे हे स्प्रिंगचे खरे काम.

मागच्या चाकाला स्प्रिंग देण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते. अमेरिकेतील ‘इंडियन’ कंपनीने १९१३ मध्येच तसा प्रयोग केला होता. पण अशा अनेक गाड्यांचे सांधे लवकर ढिले पडत, चाक बाजूला कलंडे आणि गाडी वळणावर शेपूट हलवू लागे. त्यामुळे स्प्रिंगवाली गाडी म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी, असा स्वारांचा ग्रह झाला होता. व्हिन्सेंट यांनी मागची चौकट त्रिकोणी केली. तिचा एक कोपरा गिअरपेटीच्या मागे खिळीवर फिरे, चाक दुसऱ्या कोपऱ्याला असे आणि वरचा कोपरा सीटखाली जवळजवळ आडव्या ठेवलेल्या स्प्रिंगांवर दाब देई. त्रिकोणाला पिळणे कठीण, हे भूमितीचे साधे तत्त्व. चाक वरखाली होई, पण डावीउजवीकडे डुलत नसे.

कल्पना उत्तम असली तरी वीस वर्षांच्या अपरिचित तरुणाची गाडी कोण घेणार? नाव असलेली कंपनी घ्यावी असा सल्ला जाणकारांनी दिला. हॉवर्ड डेव्हिस या शर्यतपटूने १९२५ साली स्वतःच्या ‘एचआरडी’ गाडीवर बसून आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली होती. पण पुढे तीनच वर्षांत त्याची कंपनी बुडाली. ते नाव व्हिन्सेंट यांनी वडिलांच्या पैशाने विकत घेतले आणि स्टीव्हनेज गावी ‘व्हिन्सेंट-एचआरडी’ सुरू झाली.

गाड्या खपेनात. दिसायलाच त्या विचित्र होत्या. पुढे नळ्यांना असा बाक दिला, की वरवर पाहणाऱ्याला चौकट नेहमीसारखी ताठ वाटावी. ज्या गुणासाठी गाडी बांधली तोच गुण झाकून ठेवून ती विकावी लागावी, यापरता विनोद कोणता!

या सुमारास फिल आयर्विंग हे ऑस्ट्रेलियन अभियंते त्यांना येऊन मिळाले. तेही मौजेने. व्हिन्सेंटचीच साईडकार जोडलेली गाडी जगप्रवासात ऑस्ट्रेलियात पोहोचली होती, तिच्यावर बसून स्वारी इंग्लंडात दाखल झाली. १९३४ च्या टीटीमध्ये बाहेरून घेतलेल्या इंजिनांनी दगा दिला, तेव्हा दोघांनी स्वतःचे ५०० सीसीचे इंजिन तयार केले. १९३६ मध्ये त्याच वळणाची दोन सिलिंडरे एकत्र येऊन ९९८ सीसीची ‘रॅपिड’ अवतरली. इंजिनाविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मोह होतो तो इतर गोष्टींचा.

युद्धानंतर १९४६ मध्ये आलेल्या रॅपिडला नेहमीची चौकट जवळजवळ नव्हतीच. तेलाची टाकी हाच वरचा कणा, आणि त्याखाली लटकलेले इंजिन भार पेलणारे. गाडी मालकाच्या मापाची करता यावी याची तर किती काळजी! पाय ठेवण्याच्या खुंट्या, ब्रेकचा आणि गिअरचा पाय स्वाराच्या उंचीप्रमाणे सरकत. चेन घट्ट करायला किंवा चाक काढायला पाना शोधावा लागत नसे. हाताने फिरवायच्या दांड्या गाडीवरच बसवलेल्या असत. मागचे चाक उलटे फिरवून बसवले की दुसऱ्या बाजूचे चेनचक्र मिळे, म्हणजे एकट्याच्या स्वारीला एक आणि साईडकारला दुसरे.

१९४८ मधील ‘गर्ड्रॉलिक’ हा पुढचा फोर्क या विचाराचा कळस म्हणावा लागेल. इतर कंपन्या तेव्हा दोन नळ्यांच्या टेलिस्कोपिक फोर्ककडे वळत होत्या. व्हिन्सेंट आणि आयर्विंग यांना त्या नळ्या पिळवटतात असे वाटे, म्हणून त्यांनी हलक्या मिश्रधातूच्या घडीव पात्यांचा फोर्क केला. त्याच्या खालच्या दांडीपाशी एक तिरके केंद्र असलेली चकती होती. ती फिरवली की ‘ट्रेल’ बदले. हँडलच्या खांबाची रेषा खाली वाढवली तर ती टायर टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला लागते. हे अंतर म्हणजे ट्रेल. ते जास्त असेल तर गाडी सरळ धावते पण हँडल जड होते. साईडकार लावल्यावर हा जडपणा हाताला पेलत नाही, म्हणून ट्रेल कमी करावा लागतो. तीच चकती स्प्रिंगांची बैठकही त्या वाढीव भाराला अनुरूप करी. एकच गाडी दोन स्वभावांची!

फोर्क निर्दोष होता असे मात्र म्हणवत नाही. सांधे झिजले, डॅम्पर थकला की वेगात हँडल थडथडू लागे, आणि जुने मालक त्याच्या कहाण्या सांगत. तरीही १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री हा स्वार पोहण्याच्या चड्डीवर, गाडीवर पालथा पडून, ताशी १५०.३१३ मैल वेगाने गेला, ती गाडी व्हिन्सेंटच होती.

दैव मात्र फिरले होते. १९४७ मध्ये व्हिन्सेंट यांना गाडीवर भीषण अपघात झाला. डोक्याला मार बसला आणि त्याचे परिणाम कायमचे राहिले. १९४९ मध्ये कंपनीवर रिसिव्हर नेमला गेला. आयर्विंग ऑस्ट्रेलियात परतले. जॅक ब्रॅबहॅम यांनी १९६६ चे फॉर्म्युला वन विजेतेपद मिळवले ते आयर्विंग यांनी आखलेल्या इंजिनावर. इकडे स्टीव्हनेजमध्ये प्रत्येक भाग असा निगुतीने बनवायचा तर किंमत उतरणार कशी? हिशेबाच्या वहीपुढे चकत्या आणि दांड्यांचे काही चालेना. १९५५ अखेर मोटारसायकलींचे उत्पादन थांबले.

व्हिन्सेंट नंतरही नवनवी इंजिने आखत राहिले, लिहीत राहिले. १९७३ च्या सुमारास यामाहाने मातीतल्या शर्यतींसाठी एकाच शॉकॲब्सॉर्बरची मागची रचना आणली आणि सगळीकडे तिचा बोलबाला झाला. ती रचना बेल्जियमच्या लुसियाँ टिल्कन्स यांची, पण त्रिकोणी चौकट आणि सीटखाली दडलेली स्प्रिंग पाहून जुन्या व्हिन्सेंटवाल्यांनी मिशीत हसून घेतले असेल. फिलिप व्हिन्सेंट मार्च १९७९ मध्ये निवर्तले. त्याआधीच, १९७५ मध्ये, त्यांच्या गाड्यांच्या मालकांनी एकत्र येऊन सुटे भाग पुरवणारी स्वतःची कंपनी काढली होती.