मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडणारे रेव्हरंड टिळक

नगर भागातल्या चर्चमध्ये मराठी भजनं रुजली, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा वाटा मोठा. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला अन् नातेवाईक दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. मंडळीत गाण्याची चाल परदेशी, कारभारही परदेशी मिशनऱ्यांच्या हातात. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. चाल बदलली, पण कारभार तोच राहिला. मिशनच्या पैशावर चालणारी मंडळी स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार, हे त्यांना खुपायचं.

अखेर १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी बांधलेला पगार सोडला, संन्यास घेतला अन् साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले अन् न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. पण ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांच्यामागं दरबार फार टिकला नाही. भजनं मात्र मंडळीच्या तोंडी राहिली.